धम्मश्रद्धा आणि मतदान : मतदाराचे मत कसे घडते?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "बौद्धांचे मत यंदा कोणाकडे?" वार्ताहर तो विचारतात, उमेदवारांची माणसे विचारतात, आणि आपले कार्यकर्तेही एकमेकांना विचारतात. या प्रश्नामागे एक गृहीतक आहे. ज्यांचा धम्म एक, त्यांचे मतही एकच असणार, असे ते गृहीतक होय. काही उपासक ते अभिमानाने मान्य करतात. काहींना त्यात आपल्या स्वतंत्र बुद्धीचा अवमान वाटतो. प्रस्तुत लेखात आम्ही या गृहीतकाचीच तपासणी करणार आहोत. धार्मिक श्रद्धेचा मतदाराच्या राजकीय विचारांवर व पक्षनिष्ठेवर परिणाम होतो तो कोणत्या मार्गांनी होतो, आपल्या समाजाच्या इतिहासात तो कसा झाला, आणि धम्माच्या दृष्टीने तो कोणत्या मर्यादेपर्यंत इष्ट आहे, हे तीन प्रश्न आमच्यासमोर आहेत.

श्रद्धेचे तीन मार्ग

कोणत्याही देशातील मतदार घेतला तरी श्रद्धा त्याच्या मतापर्यंत साधारणतः तीन मार्गांनी पोचते. पहिला मार्ग ओळखीचा. "आम्ही कोण?" या प्रश्नाचे उत्तर मनुष्याला धर्म देतो आणि "आमचा पक्ष कोणता?" हे उत्तर त्याला पुष्कळदा त्याच ओळखीतून मिळते. दुसरा मार्ग मूल्यांचा. न्याय कशाला म्हणावे, कोणत्या गोष्टीची लाज वाटावी, दुर्बलांविषयी राज्याचे कर्तव्य काय, यांविषयीच्या कल्पना श्रद्धेतून घडतात व त्या कसोटीवर मतदार पक्षांचे कार्यक्रम तोलतो. तिसरा मार्ग संस्थांचा. जेथे माणसे नियमित एकत्र येतात तेथे बातमी पोचते, मत बनते व कार्यकर्ता तयार होतो. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा आणि विहार ही सर्व या अर्थाने लोकशिक्षणाचीही ठिकाणे आहेत.

या तीन मार्गांतील भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. केवळ ओळखीतून आलेले मत वारशासारखे असते; ते वडिलांकडून मुलाकडे जाते आणि पक्ष बदलला तरी ते बदलत नाही. मूल्यांतून आलेले मत मात्र पक्षाला जाब विचारते. संस्था या दोहोंपैकी कोणत्याही मताला बळ देऊ शकते. आपल्या समाजाच्या गेल्या सात दशकांच्या राजकीय अनुभवाचा उलगडा या भेदाशिवाय होत नाही.

धम्मदीक्षेने मतदाराला काय दिले?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांची संख्या पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे साडेबत्तीस लाख झाली व त्यांपैकी जवळजवळ २८ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. ही वाढ म्हणजे गावकुसाबाहेर ज्यांना दुसऱ्यांनी दिलेले नाव वागवावे लागत होते, त्यांनी स्वतःला स्वतःचे नाव दिल्याची नोंद होती. ज्याने आपला देव, आपले सण व आपले नाव यांविषयी स्वतः निर्णय घेतला, तो आपल्या मताविषयीही स्वतः निर्णय घेऊ लागतो. पाटील सांगेल तेथे शिक्का मारण्याची सवय मोडण्यास धम्मदीक्षेचे साहाय्य झाले, असे आम्हास वाटते.

परंतु या निर्णयाची किंमतही मतदान व निवडणूक यांच्याच क्षेत्रात मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या. काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता, आणि १९५६ मध्ये सर्व शीख दलितांचा समावेश झाला. बौद्ध बाहेरच राहिले. याचा अर्थ असा की, जो उघडपणे बौद्ध झाला त्याला राखीव मतदारसंघातून उभे राहता येत नव्हते. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातील एका राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारलेला असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला. 'पंजाबराव विरुद्ध मेश्राम' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये आक्षेप मान्य केला. धर्म 'मानणे' म्हणजे आपली श्रद्धा उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला.

उघडपणे बौद्ध म्हणवणाऱ्यावर राखीव जागेचे दार बंद, आणि कागदोपत्री जुनी जात लावणाऱ्यास ते खुले, अशी ही अवस्था होती. अनेक कुटुंबांत घरात बुद्धवंदना आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' असे दुहेरी जीवन यातूनच आले. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. तथापि केंद्राच्या पातळीवर हा अन्याय दूर होण्यास १९९० साल उजाडावे लागले. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. श्रद्धा मतदाराचे राजकारण घडवते हे खरेच, परंतु राज्याचा कायदाही श्रद्धेच्या उघड उच्चारावर किती दडपण आणू शकतो, हे या ३४ वर्षांनी दाखवून दिले.

धम्म आणि पक्ष : बाबासाहेबांची योजना

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बाबासाहेबांनी धम्मासाठी व राजकारणासाठी एकच संघटना काढली नाही. धम्मप्रसारासाठी १९५५ मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. राजकारणात त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष आणि १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले होते. अखेरच्या काळात फेडरेशन विसर्जित करून, जातीच्या मर्यादा ओलांडणारा, सर्वांना खुला असा रिपब्लिकन पक्ष त्यांनी योजला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे तो अस्तित्वात आला व एन. शिवराज त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

या योजनेचा अर्थ आम्ही असा लावतो. धम्म स्वीकारणारा मनुष्य समता, स्वातंत्र्य व बंधुता ही मूल्ये घेऊन राजकारणात यावा. परंतु पक्षाचे दार बौद्धेतरांनाही उघडे असावे, आणि विहाराचे दार पक्षाबाहेरच्या उपासकालाही उघडे असावे. समाजाचे संख्याबळ पाहता यात व्यवहारही होता. संयुक्त मतदारसंघात केवळ आपल्या मतांवर विजय मिळत नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले होते. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत नारायणराव काजरोळकर यांच्याकडून सुमारे १४ हजार मतांनी त्यांचा पराभव झाला आणि १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले.

संख्या आणि सामर्थ्य

पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. स्थापनेनंतर काही वर्षांतच पक्षात गट पडले. काँग्रेसशी समझोता करावा की करू नये, भूमिहीनांच्या लढ्यास अग्रक्रम द्यावा की घटनात्मक मार्गास, यांवरून मतभेद झाले. त्यांत व्यक्तींचे मानापमान मिसळले. १९७२ मध्ये मुंबईत उदयास आलेल्या दलित पँथरमध्येही १९७४ मध्ये फूट पडली आणि त्या वादात बुद्ध व मार्क्स हा प्रश्न अग्रभागी होता. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र रिपब्लिकन नेते एकत्र आले व त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून निवडून आले. हे चारही मतदारसंघ खुले होते. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, गट पुन्हा वेगळे झाले आणि ही संख्या टिकली नाही.

आता उत्तर प्रदेशाकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ८४ लाख ४३ हजार बौद्ध होते; त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रात, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के. उत्तर प्रदेशासारख्या अवाढव्य राज्यात ही संख्या अवघी दोन लाखांच्या घरात होती. तरीही आंबेडकरी विचाराचे नाव घेणारा पक्ष स्वबळावर सत्तेवर आला तो उत्तर प्रदेशात. २००७ मध्ये बहुजन समाज पक्षाने विधानसभेच्या ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या. त्या पक्षाचे संस्थापक कांशीराम यांची जाणीव जागी झाली ती मात्र पुण्यात; तेथील संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत बुद्धजयंती व आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्यांवरून झालेल्या संघर्षात. त्यांनी हयातीत दीक्षा घेतली नाही. २००६ मध्ये त्यांचा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला.

जेथे बौद्ध सर्वाधिक तेथे पक्ष दुभंगलेला, आणि जेथे बौद्ध अत्यल्प तेथे पक्ष सत्ताधारी, हे कसे? आमच्या मते याचे उत्तर असे की, श्रद्धा मतदाराला ओळख व धैर्य देते. परंतु पक्षाचे सामर्थ्य संघटनेतून, इतर समाजांशी जोडलेल्या नात्यातून आणि नेतृत्वाच्या शिस्तीतून येते. उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींचे लोकसंख्येतील प्रमाणही महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे विसरता येत नाही. आणि तेथील यशही चिरस्थायी ठरले नाही. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत त्याच पक्षाची एकच जागा आली. तात्पर्य, धर्माचे ऐक्य म्हणजे मतांचे ऐक्य नव्हे, आणि मतांचे ऐक्य म्हणजे कायमची सत्ता नव्हे. महाराष्ट्रातही अकोला, अमरावती, नागपूर या जिल्ह्यांत बौद्धांचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. परंतु तेथेही बौद्ध बहुसंख्य नाहीत. इतरांचा विश्वास संपादन केल्याशिवाय तेथेही जागा जिंकता येत नाही.

बौद्ध देशांचा इशारा

कोणी म्हणेल, बौद्ध बहुसंख्य असते तर हा प्रश्न राहिला नसता. ज्या देशांत ते बहुसंख्य आहेत, तेथील अनुभव या कल्पनेस पुष्टी देत नाही.

श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, १९५६ हे वर्ष बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाचे म्हणून साजरे झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत भिक्खूंनी एस. डब्ल्यू. आर. डी. भंडारनायके यांच्या आघाडीसाठी गावोगाव प्रचार केला. आघाडी विजयी झाली आणि केवळ सिंहली हीच राजभाषा करणारा कायदा झाला. तमिळांशी १९५७ मध्ये केलेला करार भंडारनायके यांना भिक्खूंच्या विरोधामुळे पुढच्याच वर्षी मोडावा लागला. १९५९ मध्ये त्यांची हत्या झाली आणि मारेकरी चीवरधारी भिक्खू होता. ब्रह्मदेशात ऊ नू यांनी १९६० ची निवडणूक बौद्ध धम्मास राज्यधर्म करण्याचे आश्वासन देऊन जिंकली. १९६१ मध्ये तशी घटनादुरुस्ती झाली, ख्रिस्ती अल्पसंख्य दुरावले आणि मार्च १९६२ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. त्या उठावाचे ते एकमेव कारण नव्हते. परंतु राज्यधर्माने ऐक्य साधले नाही एवढे निश्चित.

जपानचा मार्ग निराळा. सोका गाक्काई या निचिरेन परंपरेतील संघटनेने १९६४ मध्ये कोमेइतो पक्ष काढला. धर्म व पक्ष एकच असल्याची टीका तीव्र झाल्यावर १९७० मध्ये दोहोंना औपचारिकरीत्या वेगळे करण्यात आले. अनुयायांच्या शिस्तबद्ध मतांवर हा पक्ष दीर्घकाळ टिकला आणि १९९९ पासून २०२५ पर्यंत, मधली विरोधातील काही वर्षे वगळता, सत्तारूढ आघाडीत राहिला. मात्र ज्या आघाडीत तो होता तिच्या संरक्षणविषयक धोरणामुळे शांततावादी अनुयायांच्या मनात वेळोवेळी प्रश्न उभे राहिले. पक्ष टिकवावा की मूल्य, हा पेच धर्मनिष्ठ मतदाराला कोठेच चुकलेला नाही.

कायद्याची मर्यादा

आपल्या देशात या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, ही बंदी उमेदवाराच्या धर्मापुरती नसून मतदाराच्या धर्मालाही लागू आहे. अल्पमतातील न्यायमूर्तींचे म्हणणेही विचारार्ह आहे. जात व धर्म यांच्या नावाने ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना त्या अन्यायाची चर्चा निवडणुकीत करता आलीच पाहिजे, असा त्यांचा रोख होता. आपल्या दृष्टीने भेद असा की, अन्यायाविषयी बोलणे हे लोकशाहीचे काम आहे. "तू बौद्ध आहेस म्हणून मलाच मत दे" असे म्हणणे हे कायद्याच्याही विरुद्ध आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, धम्माच्याही.

चार अगती

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात चार अगतींचा उल्लेख केला आहे. छंद, दोस, भय आणि मोह या चार कारणांनी मनुष्य अयोग्य मार्गाने जातो. हा उपदेश गृहस्थाला केलेला आहे आणि मतदार हा गृहस्थच असतो. म्हणून या चार अगती मतदानास लावून पाहणे आम्हास उचित वाटते.

छंद म्हणजे पक्षपात. उमेदवार आपल्या पोटजातीचा, आपल्या गटाचा, आपल्या नात्यातला म्हणून दिलेले मत छंदाचे. दोस म्हणजे द्वेष. अमुक नेत्याने आमच्या नेत्याचा अपमान केला, म्हणून त्याला पाडण्यासाठी दिलेले मत दोसाचे. रिपब्लिकन गटांनी एकमेकांविरुद्ध उभे केलेले उमेदवार किती वेळा या अगतीतून आले, याचा विचार ज्याचा त्याने करावा. भय म्हणजे मालकाची, सावकाराची, गावातील दांडग्यांची भीती. या भीतीचा पहिला पराभव धम्मदीक्षेने केला हे वर आलेच आहे. परंतु सवलत बंद होईल, घरकुल मिळणार नाही अशा नव्या भीतीही आता आहेत. मोह म्हणजे अविचार. पैसा, जेवणावळ, फलकावरील बाबासाहेबांचे छायाचित्र किंवा निळा रंग पाहून दिलेले मत मोहाचे होय.

शेवटचे वाक्य काही वाचकांना रुचणार नाही. निळ्या ध्वजावर आमचीही निष्ठा आहे. परंतु आज सर्वच पक्षांच्या फलकांवर बाबासाहेबांचे चित्र असते. अशा काळात चित्र ही कसोटी उरत नाही; कसोटी उरते ती कृतीची. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी हेच सांगितले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, वा सांगणारा आदरणीय आहे म्हणून काही स्वीकारू नये. ते अकुशल आहे की कुशल, अहिताचे आहे की हिताचे, हे स्वतः जाणून निर्णय करावा. जो धम्म स्वतः तथागतांच्या वचनाचीही परीक्षा करण्यास मुभा देतो, तो एखाद्या पक्षाला परीक्षेतून सूट कशी देईल? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी दिलेला इशारा याच परंपरेतला आहे. धर्मात भक्ती आत्मोद्धाराचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातील व्यक्तिपूजा अधःपतनाकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. तो इशारा आपल्या नेत्यांनाही लागू आहे.

विहाराचे काम

मग विहारांनी राजकारणापासून दूर राहावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या उन्नतीच्या सात अटी आल्या आहेत. वारंवार एकत्र जमणे, एकमताने जमणे व एकमताने उठणे या त्यांतील पहिल्या दोन होत. अजातशत्रूचा मंत्री वस्सकार या वज्जींना युद्धाने जिंकू शकला नाही. अट्ठकथेची परंपरा सांगते की, त्यांच्यात फूट पाडल्यावर तो यशस्वी झाला. आज गटांची फूट विहाराच्या उंबरठ्यापर्यंत आली आहे. एकाच वस्तीत जयंतीच्या दोन समित्या वर्गणी मागतात, दोन मिरवणुका निघतात, आणि मते मागायला येणारा बाहेरचा माणूस दोन्हींना हार घालून जातो. त्या वस्तीतील मुलांना धम्म म्हणजे काय हे कळण्याआधी आपण कोणत्या गटाचे हे कळते. ही हानी कोणत्याही निवडणुकीतील पराभवाहून मोठी आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहाराने कोणत्याही उमेदवारासाठी आवाहन करू नये. परंतु निवडणुकीपूर्वीच्या एखाद्या रविवारी वंदनेनंतर सर्व गटांच्या उपासक-उपासिकांनी एकत्र बसावे. शिष्यवृत्ती, गायरान जमीन, खाजगीकरणात घटणाऱ्या राखीव नोकऱ्या, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी, संविधानाचे रक्षण या विषयांवर प्रत्येक पक्षाने मागील पाच वर्षांत सभागृहात काय केले, हे मांडावे. महिला मंडळांनी यात पुढाकार घ्यावा. विहार चालतो तो बहुतेक ठिकाणी त्यांच्याच श्रमांवर. चर्चेअंती मते वेगळी राहिली तरी चालेल. वेगवेगळे मत देऊन आलेली माणसे दुसऱ्या दिवशी एकाच विहारात वंदनेला बसली, तर धम्म जिंकला असे समजावे.

"बौद्धांचे मत कोणाकडे?" या प्रश्नाला आमचे उत्तर इतकेच आहे की, बौद्धाचे मत त्याच्या स्वतःच्या विचाराकडे असावे. मत कोणाला द्यावे हे धम्म सांगत नाही. ते कोणत्या मनाने द्यावे हे मात्र तो निःसंदिग्धपणे सांगतो : पक्षपाताविना, द्वेषाविना, भयाविना आणि मोहाविना. अशी मते विखुरली तरी प्रत्येक पक्षाला त्यांची दखल घ्यावी लागेल. आणि ती विचारपूर्वक एकत्र आली, तर ते ऐक्य कोणत्याही समझोत्याहून अधिक काळ टिकेल.